पाठाची प्रस्तावना (अध्यापन)

पाठाची प्रस्तावना म्हणजे तासिकेच्या किंवा व्याख्यानाच्या आरंभी विद्यार्थ्यांचे लक्ष नव्या विषयाकडे वळवून, त्या विषयाशी संबंधित असे त्यांचे पूर्वज्ञान जागे करून आणि पाठाचा हेतू स्पष्ट करून शिकण्याची मानसिक तयारी घडविण्याची अध्यापनातील पहिली पायरी होय. पस्तीस ते चाळीस मिनिटांच्या तासिकेत ती सामान्यतः पाच ते सात मिनिटांची असते. शिक्षक-प्रशिक्षणात ती स्वतंत्र अध्यापन-कौशल्य म्हणून शिकविली जाते. ज्या वर्गातील मुलांचे घरचे जीवन आणि पाठ्यपुस्तकातील जग यांत मोठे अंतर असते, तेथे या पायरीचे महत्त्व विशेष असते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांचा ग्रामीण आणि आदिवासी भाग, त्यातही सह्याद्रीच्या पायथ्याचा डोळखांबसारखा परिसर, हे याचे ठळक उदाहरण आहे.

## संज्ञा

मराठी शिक्षणशास्त्रात या पायरीसाठी ‘प्रस्तावना’, ‘विषयप्रवेश’, ‘पूर्वतयारी’ आणि ‘सज्जता प्रवर्तन’ अशा संज्ञा रूढ आहेत. त्यांच्या अर्थछटा भिन्न आहेत. ‘पूर्वतयारी’ ही संज्ञा हर्बार्टच्या पाठपद्धतीतून आली असून तिचा भर पूर्वज्ञानावर आहे. ‘सज्जता प्रवर्तन’ ही सूक्ष्म अध्यापनातील संज्ञा असून तिचा भर विद्यार्थ्याच्या मनोवृत्तीवर आहे. ‘हेतुकथन’ हा प्रस्तावनेचा शेवटचा टप्पा होय. त्यात आज काय शिकावयाचे आहे, हे शिक्षक एका-दोन वाक्यांत सांगतो.

प्रस्तावना आणि ‘परिपाठ’ यांत भेद आहे. महाराष्ट्रातील शाळांत दिवसाच्या आरंभी होणाऱ्या परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि बोधकथा यांचा समावेश असतो. परिपाठ संपूर्ण शाळेसाठी व दिवसातून एकदाच असतो. प्रस्तावना ही प्रत्येक पाठाची, त्या पाठापुरती असते.

## घटक

चांगल्या प्रस्तावनेत सामान्यतः पुढील चार गोष्टी साधल्या जातात.

* लक्ष वेधणे. आधीच्या तासिकेचा विषय, मधल्या सुट्टीतील खेळ, बाहेरचा पाऊस यांत गुंतलेले मन नव्या विषयाकडे वळविणे.
* पूर्वज्ञान जागे करणे. विषयाशी संबंधित जे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक आहे, ते त्याच्याकडून वदवून घेणे. यात आधीच्या इयत्तेत शिकलेले जसे येते, तसे घरी, शेतात, रानात अनुभवलेलेही येते.
* उणीव जाणवून देणे. जे ठाऊक आहे तेवढ्याने पुढचा प्रश्न सुटत नाही, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येऊ देणे. जिज्ञासा येथून निर्माण होते.
* हेतुकथन. आता कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे आहे, हे स्पष्ट करणे.

यांपैकी तिसरा घटक वगळला गेल्यास प्रस्तावना केवळ करमणूक किंवा केवळ उजळणी ठरते.

## इतिहास

### भारतीय परंपरा

आरंभीच श्रोत्याला विषयाशी जोडण्याची जाणीव भारतीय ग्रंथपरंपरेत जुनी आहे. संस्कृत शास्त्रग्रंथांच्या आरंभी ‘अनुबंधचतुष्टय’ सांगण्याची रीत होती. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, ग्रंथ आणि विषय यांचा संबंध काय आणि तो वाचण्याचा अधिकारी कोण, हे ते चार अनुबंध होत. वाचणाऱ्याने हा ग्रंथ का वाचावा, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथकर्त्याने प्रथमच देणे त्यात अपेक्षित होते. आधुनिक पाठातील हेतुकथन याच्या जवळचे आहे.

‘प्रस्तावना’ हा शब्दही संस्कृत नाट्यपरंपरेत आढळतो. नाटकाच्या प्रारंभी सूत्रधार नटीशी किंवा सहकाऱ्याशी बोलता बोलता प्रेक्षकांना कथावस्तूपर्यंत आणून सोडतो, त्या भागाला प्रस्तावना म्हणतात. महाराष्ट्रातील नारदीय कीर्तनात नमनानंतर पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे किंवा पदाचे निरूपण करून तत्त्व मांडले जाते आणि उत्तररंगात ते आख्यानाच्या साहाय्याने स्पष्ट केले जाते. शाळेतील पाठात हा क्रम बहुधा उलट असतो. तेथे आधी प्रसंग किंवा गोष्ट येते आणि तत्त्व मागाहून हाती लागते. कीर्तनाचा श्रोता स्वेच्छेने आलेला व विषयाला अनुकूल असतो. वर्गातील विद्यार्थी तसा असेलच असे नाही, हे या फरकाचे एक कारण मानता येते.

### हर्बार्टची पंचपदी

पाठाच्या आरंभाला शास्त्रीय स्थान देण्याचे श्रेय जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांना दिले जाते. नवी कल्पना मनात आधीपासून असलेल्या कल्पनांच्या आधारानेच स्वीकारली जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे अनुयायी टुइस्कोन त्सिलर आणि विल्हेल्म राइन यांनी त्यावरून पाठाच्या पाच पायऱ्या निश्चित केल्या. पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या त्या पाच पायऱ्या मराठीत ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून ओळखल्या जातात. अध्यापक विद्यालयांतील पाठ-टाचणाचा साचा दीर्घकाळ याच पायऱ्यांवर बेतलेला राहिला. प्रस्तावनेचे तीन-चार प्रश्न, त्यानंतर हेतुकथन आणि मग विषयविवेचन ही छात्राध्यापकांच्या परिचयाची रचना त्यातूनच आली आहे.

### बालशिक्षणाची चळवळ आणि कोसबाड

गुजरातमधील भावनगर येथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील कल्पित शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि फसतो. मुले दंगा करतात आणि ठरविलेला आरंभ उधळला जातो. नंतर तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तोच वर्ग तल्लीन होतो. तयार साधन कितीही चांगले असले, तरी ते त्या दिवशीच्या, त्या वर्गातील मुलांना लागू पडले पाहिजे, हा या प्रसंगाचा आशय शिक्षक-प्रशिक्षणात आजही चर्चिला जातो.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ मध्ये झाली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी आणि कोसबाड ही गावे त्या काळी ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत.

मुले शाळेपर्यंत येत नाहीत, असा अनुभव आल्यावर या कार्यकर्त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ या प्रयोगात आहे. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणावर भरणारी ‘कुरणशाळा’ही येथेच सुरू झाली. बिया, पाने, शिंपले, खडे ही शिकण्याची साधने झाली. प्रस्तावनेच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व असे, की येथे मुलाला प्रथम शाळेच्या जगात आणून मग शिकविण्याचा क्रम सोडून देण्यात आला. मूल जेथे आहे आणि जे करीत आहे, तेथूनच पाठाचा आरंभ झाला.

### नई तालीम

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधी यांनी नई तालीमची कल्पना मांडली. तिच्यातील समवाय पद्धतीनुसार सूतकताई, शेती यांसारख्या उद्योगातून गणित, भाषा व विज्ञान यांचे पाठ उद्भवतात. तकलीवर सूत काढताना तारांची मोजणी करावी लागते आणि तेथून गणित सुरू होते. या पद्धतीत वेगळ्या प्रस्तावनेची गरज राहत नाही. चालू असलेले काम हीच प्रस्तावना असते.

### सूक्ष्म अध्यापन आणि त्यानंतर

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात ड्वाइट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र विकसित केले. अध्यापनाची लहान लहान कौशल्यांत विभागणी करून एकेका कौशल्याचा थोडक्या वेळात सराव करणे, हे त्याचे स्वरूप आहे. पाठाची प्रस्तावना हे त्यांपैकी एक कौशल्य होय. भारतात बडोदे येथील बी. के. पासी यांच्या कार्यामुळे या तंत्राला चालना मिळाली. भारतीय प्रतिमानात अध्यापन सहा मिनिटे, प्रत्याभरण सहा, पुनर्नियोजन बारा, पुनराध्यापन सहा आणि पुनर्प्रत्याभरण सहा असे छत्तीस मिनिटांचे चक्र असते. प्रस्तावना-कौशल्याचे निरीक्षण करताना पूर्वज्ञानाचा उपयोग आणि योग्य साधनाची निवड हे गुण, तर सातत्याचा अभाव आणि असंबद्ध विधाने हे दोष मानले जातात.

अमेरिकेतील जीवशास्त्र अभ्यासक्रम संस्थेत १९८० च्या दशकात रॉजर बायबी व सहकाऱ्यांनी विज्ञान-अध्यापनाचे पाच टप्प्यांचे प्रतिमान मांडले. त्यात ‘गुंतविणे’ हा पहिला टप्पा आहे. त्यानंतर शोध, स्पष्टीकरण, विस्तार आणि मूल्यमापन हे टप्पे येतात. येथे शिक्षकाचे स्पष्टीकरण मुलांनी स्वतः शोध घेतल्यानंतर येते, हा हर्बार्टच्या पंचपदीपेक्षा असलेला महत्त्वाचा फरक होय. पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अदिती, बोध, अभ्यास, प्रयोग आणि प्रसार अशी ‘पंचादि’ दिली असून, तिचा पहिला टप्पा पूर्वज्ञानाशी जोडून विषयाचा परिचय करून देण्याचा आहे.

‘बालभारती’च्या (स्थापना २७ जानेवारी १९६७) पाठ्यपुस्तकांत ‘थोडे आठवा’, ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’ अशा चौकटी असतात. त्यांतील पहिल्या दोन बहुधा प्रस्तावनेचे काम करतात.

## मानसशास्त्रीय आधार

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६० मध्ये ‘अग्रसंघटक’ ही संकल्पना मांडली. नव्या माहितीच्या आधी तिच्यापेक्षा व्यापक अशी चौकट दिल्यास ती माहिती अर्थपूर्ण रीतीने मनात बसते, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थ्याला आधी काय ठाऊक आहे, याला त्यांनी अध्ययनावर परिणाम करणाऱ्या घटकांत अग्रस्थान दिले.

पाठापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तरी त्या प्रयत्नाचा लाभ होतो, असेही संशोधनातून दिसून आले आहे. लिंडसे रिचलँड, नेट कॉर्नेल आणि लिश काओ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मजकूर वाचण्यापूर्वी प्रश्नांची उत्तरे देण्याचा अयशस्वी प्रयत्न केलेल्या विद्यार्थ्यांना त्या प्रश्नांशी संबंधित भाग नंतर अधिक चांगला आठवला. मात्र चुकलेल्या उत्तरानंतर योग्य उत्तर मिळणे आवश्यक असते. यावरून असे म्हणता येते, की प्रस्तावनेत मुलांनी अंदाज बांधणे इष्ट आहे. चुकीचे उत्तर हे प्रस्तावना फसल्याचे लक्षण नव्हे. परंतु चुकल्यावर हसे होईल किंवा रागावले जाईल अशी भीती असेल, तर मूल अंदाज करीतच नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये मुलाला भयमुक्त ठेवणे आणि शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविणे यांचा उल्लेख आहे. प्रस्तावनेच्या प्रश्नोत्तरांत या दोन्ही गोष्टींची कसोटी लागते.

## प्रकार

प्रस्तावनेसाठी वापरली जाणारी साधने विषयानुसार व इयत्तेनुसार बदलतात. प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे होत. स्पष्टीकरणार्थ दिलेली उदाहरणे शहापूर-मुरबाड परिसराला अनुसरून आहेत.

### वस्तू किंवा कृती

प्रत्यक्ष वस्तू हातात आली की प्रश्न आपोआप सुचतात. या भागातील अनेक घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या असतात. कारवीला साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलोरा येतो. कारवीची काठी वर्गात आणून ‘हिचे फूल कोणी पाहिले आहे?’ असे विचारल्यास लहान मुलांतील बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येण्याचा संभव असतो. रोज दिसणाऱ्या झाडाचे फूल आपण पाहिलेले नाही, हे लक्षात येताच वनस्पतींच्या जीवनचक्राच्या पाठाला आरंभ होतो.

### समस्या

भातशेतीत पेरणीपूर्वी राब भाजण्याची रीत ठाणे जिल्ह्यात परंपरागत आहे. पालापाचोळा, फांद्या, शेण व गवत रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पेटविले जाते. मुलांनी हे काम पाहिलेले, बहुधा केलेलेही असते. ‘ज्या जमिनीत बी पेरायचे, ती आधी का भाजायची?’ हा प्रश्न विज्ञानाच्या पाठाची प्रस्तावना होऊ शकतो. राखेतून मिळणारी पोषकद्रव्ये, तणाच्या बियांचा नाश अशी उत्तरे घरच्या मोठ्या माणसांकडून मुलांनी ऐकलेली असू शकतात. त्याच प्रश्नातून पुढे धूर, जंगलतोड आणि पर्यायी रोपवाटिका यांची चर्चा उघडते.

### मोजमाप

घरातील जुन्या मापांचा उपयोग गणिताच्या आरंभी होतो. चार शेरांची एक पायली होते, हे घरात धान्य मोजताना पाहिलेल्या मुलाला अपूर्णांक परका वाटत नाही. पायलीचा चौथा हिस्सा म्हणजे एक शेर, हे आधी मापाने दाखवून नंतर फळ्यावर एक-चतुर्थांश लिहिला जातो.

### स्थानिक इतिहास

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाचा पाठ मुंबईच्या गवालिया टँक मैदानापासून सुरू करता येतो, तसा मुरबाड तालुक्यातील सिद्धगडापासूनही सुरू करता येतो. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईकडे वीज वाहून नेणारे मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ‘एका वकिलाला विजेचे मनोरे पाडावेसे का वाटले असेल?’ असा प्रश्न विचारल्यास सनावळीपूर्वी कारण शोधण्याची वृत्ती जागी होते. शहापूर तालुक्यातील माहुली किल्लाही असाच उपयोगी पडतो. १६३६ मध्ये शहाजीराजांना येथे वेढा पडला होता. आकाशरेषेवर दिसणारे हे सुळके पुस्तकातील निजामशाहीच्या शेवटाशी जोडले जातात.

### गोष्ट, चित्र, उक्ती

भाषेच्या तासाला गोष्ट, उखाणा, म्हण, लोकगीत किंवा चित्र यांचा वापर होतो. कवितेच्या पाठात शिक्षकाचे भावपूर्ण प्रकटवाचन हीच प्रस्तावना मानावी, कवितेआधी फार बोलू नये, असे मत अनेक भाषाशिक्षकांनी मांडले आहे.

## ग्रामीण व आदिवासी वर्गातील प्रश्न

डोळखांब हे शहापूर तालुक्यातील गाव असून चोंढे आणि आजोबाच्या डोंगराकडे जाणारे रस्ते येथून जातात. परिसरातील पाड्यांवर ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली या जमातींची वस्ती आहे. कातकरी जमातीचा समावेश केंद्र शासनाच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो. जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा या भागात चालतात. अशा वर्गात प्रस्तावनेपुढे काही विशेष प्रश्न उभे राहतात.

### भाषा

मुलाची घरची बोली आणि पुस्तकाची प्रमाण मराठी यांत अंतर असते. शिक्षकाने दाखविलेली वस्तू मुलाला ठाऊक असते, तिचा प्रमाण भाषेतील शब्द ठाऊक नसतो. अशा वेळी प्रश्नाला उत्तर न येणे हे अज्ञानाचे लक्षण समजले जाते आणि प्रस्तावनेच्या पहिल्या दोन मिनिटांतच काही मुले गप्प होतात. यावर उपाय म्हणून प्रथम बोलीतील शब्द स्वीकारून तो फळ्यावर लिहिणे आणि त्याच्या शेजारी प्रमाण शब्द देणे ही रीत वापरली जाते. तसे केल्याने मुलाला दोन शब्द मिळतात आणि त्याचा स्वतःचा शब्द चूक ठरत नाही.

### स्थलांतर

ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक कातकरी व अन्य आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामासाठी जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. वीटभट्टीवरील मुलांसाठी ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची तात्पुरती झोपडी. स्थलांतरित मुलाचा प्रवेश दुसऱ्या शाळेत सुलभ व्हावा यासाठी शिक्षण हमी पत्रक देण्याची व्यवस्थाही राज्यात आहे.

प्रस्तावनेवर याचा परिणाम थेट होतो. ‘मागच्या पाठात आपण काय शिकलो?’ हा नेहमीचा पहिला प्रश्न मागच्या पाठाला हजर नसलेल्या मुलाला वर्गाबाहेर ठेवतो. हाच प्रश्न रोज आल्यास मुलाला आपण मागे पडलो आहोत, याची रोज आठवण होते. याउलट भट्टीवरून परतलेल्या मुलाला विटांची रचना, हजाराच्या हिशेबाने होणारी मोजणी, मातीचा कस यांचे ज्ञान असते. गुणाकाराची प्रस्तावना विटांच्या थरापासून केल्यास तेच मूल वर्गाला सांगणारे होते. यासाठी शिक्षकाला आपल्या वर्गातील मुले कोठे जाऊन आली, हे ठाऊक असावे लागते. मात्र मुलाच्या श्रमाचे किंवा गरिबीचे वर्गापुढे प्रदर्शन होणार नाही, याची काळजी घेणे आवश्यक असते. अनुभव सांगण्याची संधी द्यावी, सक्ती करू नये, हे येथील तारतम्य होय.

### वेदनादायक प्रश्न

मुंबईला पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. असे असूनही उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक गाव-पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. ‘पाणी’ या विषयाची प्रस्तावना करताना ही वस्तुस्थिती टाळणे कठीण आहे. ‘धरण आपल्याकडे, मग पाणी कोठे जाते?’ हा प्रश्न शिक्षकाने विचारला नाही, तरी मुले विचारतात. असा प्रश्न केवळ लक्ष वेधण्यासाठी वापरून पाठ ताबडतोब जलचक्राच्या आकृतीकडे वळविल्यास मुलांचा विश्वास कमी होतो, कारण त्यांच्या दृष्टीने तो खरा प्रश्न असतो. प्रश्न उपस्थित करावयाचा असल्यास पाठात त्याला जागा ठेवावी लागते. उताराच्या दिशेने वाहणारे पाणी, उंचावरील पाडे, कातळात न मुरणारा पाऊस, पाणीवाटपाचे निर्णय कोण घेते, अशी उत्तराची अंगे इयत्तेनुसार मांडता येतात. प्रस्तावनेतील प्रश्न हे पाठाने पाळावयाचे वचन असते, हे तत्त्व येथे स्पष्ट होते.

‘सुट्टीत कोठे फिरायला गेला होतात?’, ‘सकाळी न्याहारीला काय खाल्ले?’ यांसारखे निरुपद्रवी वाटणारे प्रश्नही काही मुलांना अवघड जागी आणतात. म्हणून सर्वांना समान असलेल्या अनुभवापासून, म्हणजे शाळेच्या आवारातील झाड, कालचा पाऊस, वाटेतील ओढा यांपासून, आरंभ करणे अधिक सुरक्षित मानले जाते.

### बहुवर्ग अध्यापन

लहान वस्त्यांवरील द्विशिक्षकी शाळांत एकाच खोलीत दोन किंवा अधिक इयत्ता बसतात. तेथे सर्वांसाठी एकच प्रस्तावना करून पुढे इयत्तेनुसार काम देणे सोयीचे होते. एकाच पळसाच्या पानावरून पहिलीचे मूल आकार रेखाटते, तिसरीचे शिरा मोजते आणि चौथीचे पत्रावळीच्या हिशेबाचे उदाहरण सोडविते.

## महाविद्यालयीन व्याख्यान

महाविद्यालयात वर्ग मोठा असतो आणि व्याख्याता सहसा विषयाच्या मांडणीपासूनच सुरुवात करतो. येथे प्रस्तावनेचे पुढील प्रकार प्रचलित आहेत.

* संकल्पना-प्रश्न. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत रूढ केली. बहुपर्यायी प्रश्न विचारावयाचा, प्रत्येकाने आधी स्वतंत्र उत्तर द्यावयाचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर द्यावयाचे, असा तिचा क्रम आहे. हात वर करूनही ती राबविता येते; त्यासाठी यंत्राची गरज नसते.
* विचार, जोडी, मांडणी. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या तंत्रात एक मिनिट स्वतः विचार, नंतर शेजाऱ्याशी चर्चा आणि शेवटी वर्गापुढे मांडणी असते. एकट्याने बोलण्यास बिचकणारा विद्यार्थी जोडीदाराशी बोलून मगच वर्गापुढे येतो.
* आराखडा. आजच्या व्याख्यानातील तीन-चार मुद्दे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ते अखेरपर्यंत पुसले जात नाहीत.
* विरोधाभास. दोन परस्परविरोधी वाटणारी विधाने किंवा आकडे मांडून त्यांची संगती लावण्याचे आव्हान दिले जाते.

ग्रामीण महाविद्यालयांत बस आणि वाहनांच्या वेळांमुळे पहिल्या तासाला विद्यार्थी उशिरा पोहोचतात. अशा वेळी महत्त्वाचा मुद्दा आरंभी न सांगता, पहिली पाच मिनिटे फळ्यावरील एका प्रश्नावर लेखी विचार करण्यास दिल्यास आलेल्यांचा वेळ वाया जात नाही आणि येणाऱ्यांचे नुकसान होत नाही.

## दोष व टीका

साचेबंदपणा. पाठ-टाचणात प्रस्तावनेचा रकाना भरावयाचा असल्याने ती अनेकदा उपचार बनते. विशेषतः सराव पाठांत, अपेक्षित शब्द मिळेपर्यंत प्रश्न अरुंद करीत नेण्याची सवय दिसते. ‘पाणी कोठून येते?’ या प्रश्नाला विहीर, ओढा, टँकर अशी योग्य उत्तरे येतात. पण शिक्षकाला ‘पाऊस’ हाच शब्द हवा असतो, म्हणून ती सर्व बाजूला सारली जातात. अखेर कोणी तरी तो शब्द उच्चारतो आणि ‘तर आज आपण पाऊस हा पाठ शिकणार आहोत’ असे हेतुकथन होते. यात मुलांचा विचार विषयाकडे न जाता शिक्षकाच्या मनातील शब्द ओळखण्याकडे जातो.

आकर्षक पण अप्रस्तुत तपशील. रूथ गार्नर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की मजकुरातील मनोरंजक परंतु मुख्य मुद्द्याशी संबंध नसलेले तपशील मुख्य मुद्द्याच्या स्मरणात अडथळा आणतात. विनोद, चमत्कृती किंवा चित्रफीत यांनी केलेल्या प्रस्तावनेलाही हा आक्षेप लागू पडतो. मुलांना जादूचा प्रयोग आठवतो, त्यामागील वायुदाबाचे तत्त्व आठवत नाही.

अवधानाविषयीची अतिशयोक्ती. विद्यार्थ्यांचे लक्ष केवळ दहा-पंधरा मिनिटे टिकते, असे विधान प्रशिक्षणवर्गांत वारंवार केले जाते आणि त्यावरून पहिल्या मिनिटांचे महत्त्व सांगितले जाते. कॅरन विल्सन आणि जेम्स कॉर्न यांनी २००७ मध्ये या विधानामागील पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा त्याला पुरेसा आधार आढळला नाही. अवधान विषय, शिक्षक आणि विद्यार्थी यांनुसार बदलते. प्रस्तावना उपयुक्त असली, तरी पुढील अर्ध्या तासाचे अध्यापन नीरस असेल तर ती एकटी पुरी पडत नाही.

लांबण. प्रस्तावना दहा-बारा मिनिटांपर्यंत गेल्यास विषयविवेचनाला आणि विशेषतः उपयोजनाला वेळ उरत नाही. घरी अभ्यासासाठी जागा, दिवा किंवा मदत नसलेल्या मुलांच्या दृष्टीने वर्गातील सरावाचा वेळ सर्वांत मोलाचा असतो; तो प्रस्तावनेत खर्च झाल्यास नुकसान त्यांचेच अधिक होते.

प्रत्येक पाठाला गरज. एकच घटक अनेक तासिका चालत असेल, तर दररोज नवी प्रस्तावना करण्याऐवजी मागील दिवशी अपुरा सोडलेला प्रश्न पुन्हा मांडणे पुरेसे असते. मात्र अनुपस्थित राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो प्रश्न मुळापासून, एक-दोन वाक्यांत का होईना, सांगावा लागतो. हे काम शिक्षकाने न करता आदल्या दिवशी हजर असलेल्या विद्यार्थ्याकडून करून घेतल्यास उजळणी आणि प्रस्तावना दोन्ही एकदम साधतात.